विचारायचं नाही

वरून आलेल्या कागदावर तीनच ओळी होत्या.
जो येईल त्याला नाव विचारायचं नाही.
कुठून आणलं, विचारायचं नाही.
तिसरी ओळ शिक्क्याखाली बुडाली होती,
पण तीही तसलीच असणार.

बेलग्रेडमधे शाळेतली मुलं गेली,
मग सरकारने मुदत दिली :
परवान्याशिवायचं जे असेल ते आणून ठेवा, गुन्हा नाही.
आमच्या गावासाठी बंबवाल्यांचा हॉल.
टेबलावर बुद्धिबळ मंडळाचं हिरवं कापड,
वहीला चार रकाने : प्रकार, क्रमांक, काडतुसं, शेरा.
बाहेर चेरी पिकून काळी पडत चाललेली.

पहिली आली देसांका आजी, अंड्यांची टोपली घेऊन.
अंड्यांखाली दोन हातबॉम्ब.
‘नवऱ्याचे,’ म्हणाली. ‘अंडी मात्र तुला.’
मग दोघे भाऊ, एकच रायफल दोन टोकांना धरून,
बारा वर्षं अबोला,
तरी दुसरा नक्की देतोय ना, हे बघायला दोघेही हजर.

दोब्रिवोये आला रिकाम्या हातांनी, भांडायला.
‘एक्क्याण्णवला ट्रक भरभरून वाटली कुणी?
तेव्हा ज्याने घेतली नाही तो फितूर,
आता जो देणार नाही तो गुन्हेगार!
माझं घर शेवटचं. पुढे जंगल, मग लांडगे, मग सरहद्द.
फोन केला की तुझी गाडी चाळीस मिनिटांनी उगवते.’
‘पस्तीस,’ मी म्हटलं.
तो हसला. मला त्याचं काही खोडता आलं नाही.
त्याची शिकारीची बंदूक रीतसर आहे, कपाटात, कुलपात.
परवाना नवा करताना डॉक्टर दरवेळी विचारतो,
झोप लागते का?
तो दरवेळी हो म्हणतो.

वितोमिर आला तेव्हा दुपार कलली होती.
आरागिरणीतला. कमी बोलणारा.
बाळाच्या निळ्या ब्लँकेटात गुंडाळलेलं ते त्याने
इतक्या हळू ठेवलं की टेबलालाही कळलं नाही.
तेल ताजं होतं.
क्रमांक लिहिला. काडतुसं मोजली. पंचवीस.

‘तिसांचं असतं ते,’ तो म्हणाला.
मी पंचवीस लिहिलं.
‘पाच कमी आहेत.’
रांगेत कुणीतरी खोकलं.
आहे ते मोजायचं. नाही त्याला रकाना नाही.
‘शेऱ्यात काय लिहिलंस?’
‘स्थिती उत्तम.’

तरी तो हलेना.
टोपी हातात धरून उभा, परीक्षेला आल्यासारखा.
तीस वर्षं दर हिवाळ्यात
रायफलीबरोबर एक उत्तरही त्याने पुसून ठेवलं असेल,
गंज चढू दिला नसेल,
आणि आज टेबलापलीकडे बसलेली पोरगी
न विचारण्याचा पगार घेत होती.
‘पावती?’
‘नसते, काका.’
‘बरं.’

संध्याकाळी ट्रक आला. सरपणासारखी
मोळ्या बांधून चढवली सगळी.
पेपरात जिल्ह्याचा आकडा छापून आला, मोठा होता,
साहेबांनी कात्रण भिंतीला लावलं.
मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?
इतक्या घरांत आता रात्री भांडण झालं
तर हाताला फक्त खुर्ची लागेल.

ब्लँकेट मात्र टेबलाखालीच राहिलं होतं.
कोपऱ्यात टाक्याटाक्याने भरलेलं बदक,
एक डोळा उसवलेला. तेलाचा डाग दोनदा धुऊनही गेला नाही.

रविवारी ते घेऊन गेले, गणवेश न घालता,
पिस्तूल घरी कुलपात ठेवून.
वितोमिर शिडीवर होता, उरलीसुरली चेरी काढत.
खाली उतरला. बदकाकडे पाहिलं.
कुठून आणलं, कुणावर, कधी,
यातलं एकही माझ्या तोंडून निघेना.
मी विचारलं, ‘झोप लागते का?’

त्याने बादली बाकाच्या एका टोकाला सरकवली,
दुसऱ्या टोकावरची पानं हाताने झाडली.
‘आधी बस,’ म्हणाला.